बाराव्या टोल्याचं घर

पृथ्वीच्या अगदी पलीकडच्या अंगाला आन्देस नावाचे डोंगर आहेत. ते इतके उंच आहेत, की ढग तिथे आकाशात राहतच नाहीत. ते गल्लीबोळांतून फिरतात आणि सकाळी सकाळी ओल्या हातांनी दारं चाचपडतात. त्या डोंगरांच्या ओंजळीत लारिपाता नावाचं बोटभर गाव होतं, आणि त्या गावात उर्पी नावाची आठ वर्षांची मुलगी होती. उर्पी म्हणजे त्यांच्या भाषेत पारवा.

आपल्याकडे जानेवारीत थंडी असते ना? तिकडे तेव्हा पावसाळा असतो. शेतांत बटाट्याची जांभळी-पांढरी फुलं डुलतात आणि एकामागून एक सण येतात. पण त्या वर्षी सणांच्या आधी गारा आल्या. लहानसहान नाहीत, कोंबडीच्या अंड्याएवढ्या! ताड ताड, धाड धाड! उर्पीच्या घराचं जुनं गवती छप्पर फाटलं, मग आत पाऊस शिरला, आणि मातीच्या कच्च्या विटांच्या भिंती साखरेसारख्या विरघळून खाली बसल्या. उरली ती एक चूल आणि चुलीमागचा गुडघाभर कट्टा.

उर्पीला वडील नव्हते. आई होती, सातुर्निना. ती दिवसभर लोकर कातायची आणि कातता कातता गुणगुणायची. गारांच्या दिवसापासून तिचं गुणगुणणं थांबलं होतं.

शेजारच्या बासिलियाआजीनं आपली बटाट्यांची खोली त्यांना राहायला दिली. "या गं, या," ती म्हणाली. "बटाटे काही बोलत नाहीत. त्यांची अडचण व्हायची नाही."

तिथल्या पहिल्याच संध्याकाळी आईनं उर्पीचे केस विंचरता विंचरता सांगितलं, "उर्पी, दोन फेब्रुवारीला मेणबत्त्यांचा सण झाला, की मी शहरात जाईन. एका मोठ्या घरी कामाला. त्या घरात मूल आणायची परवानगी नाही. तू डोंगरापलीकडे मावशीकडे राहायचंस."

"किती दिवस?" उर्पीनं विचारलं.

 आईची फणी केसांत तशीच थांबून राहिली, आणि उर्पीला कळलं, की हे दिवसांत मोजण्यासारखं नाही.

दुसरा दिवस तीन राजांच्या सणाचा. ताऱ्यामागून चालत चालत तीन राजे बाळ येशूला भेटायला गेले, तो दिवस. सगळं गाव आपापल्या घरचा चिमुकला मातीचा बाळ येशू पाळण्यात घेऊन चर्चला निघालं होतं. उर्पीच्या घरचा बाळ येशू चिखलात सापडला होता. तो धडधाकट होता, फक्त नाकाचा टवका उडाला होता. उर्पीनं त्याला शालीखाली धरलं होतं, थंडी वाजू नये म्हणून.

प्रार्थना संपल्यावर ती चर्चच्या मागच्या बागेत गेली. तिथे कांतुताचं झुडूप होतं. कांतुताची फुलं म्हणजे लांबट लांबट इवल्या घंटाच. वर हिरवी टोपी, मध्ये पिवळा पट्टा, खाली लालचुटुक झालर. पण आज झुडपाच्या फांद्या मोडून लोंबत होत्या आणि फुलं चिखलात निजली होती.

"अगंबाई, तुझंही घर पडलं!" उर्पी म्हणाली.

तिच्या अंगावर आईनं विणलेली जुनी शाल होती. उर्पीनं तिच्या काठाचा एक धागा ओढला. मग आणखी एक. मोडलेल्या प्रत्येक फांदीला काडीचा आधार देऊन ती धाग्यानं हळूच बांधत गेली, जसं आजी कोकराचा पाय बांधते. सगळं झुडूप सावरून उभं राहिलं, तेव्हा शालीचा लाल काठ संपला होता.

तेवढ्यात सर्वांत वरचं फूल लुकलुकलं. किणकिण किणकिण!

फुलातून एक बोटुकली परी बाहेर आली. तिचे पंख हमिंगबर्डसारखे, इतके भरभर हलणारे, की दिसण्याऐवजी नुसते झगमगत होते. तिनं डोंगरातल्या बायांसारखे एकावर एक सात घेरदार झगे घातले होते, प्रत्येक झगा वेगळ्या रंगाचा. पाठीवर दोन काळ्याभोर वेण्या, वेण्यांच्या टोकांना दवाचे गोंडे. आणि डोक्यावर वाटाण्याएवढी गोल काळी टोपी, जरा वाकडी!

"माझ्या घराला टेकू कुणी दिला गं?" परीनं विचारलं.

"मी दिला, परीताई. गाठी जरा ओबडधोबड आल्यात."

"गाठी छान आल्यात. स्वतःचं छप्पर गेलं, आणि तू दुसऱ्याचं बांधत बसलीस." परी झुडपाच्या मुळाशी उतरली. तिनं चिमुकल्या हातांनी जमीन उकरली आणि मातीचे तीन गोळे काढले. एक लाल, एक पिवळा, एक हिरवा. प्रत्येक गोळा बोराएवढा, आणि आतून जणू कुणी दिवा लावला आहे असा उजळ. "ही धरणीमायची माती. पाचामामाची. चोवीस तारखेला काय आहे, ठाऊक आहे ना?"

ते तर लारिपातातल्या रांगत्या बाळालाही ठाऊक होतं! चोवीस जानेवारीला आलासिता. त्या दिवशी चौकात इवल्या इवल्या वस्तूंची जत्रा भरते. नखाएवढी पिठाची पोती, बोटाएवढ्या मोटारी, चिमणीला पुरतील एवढी घरं. ज्याला जे हवं, त्याची चिमुकली प्रतिमा त्यानं कुणाकडून तरी घ्यायची. स्वतःची स्वतः नाही हं, दुसऱ्याच्या हातून! बरोबर दुपारी बाराला. मग गावातले जाणते म्हातारे तिच्यावर धूप फिरवतात, चर्चचे फादर पवित्र पाणी शिंपडतात, आणि वर्षभरात ती वस्तू मोठी होऊन घरी येते, असं सगळे मानतात. चौकाच्या मधोमध भरभराट देणाऱ्या एकेकोबाबाची मूर्ती असते. गोलमटोल, मिशाळ, दोन्ही हात पसरून हसणारा, आणि अंगावर सगळ्या गावाच्या इच्छा टांगलेला.

"या मातीचं जे करशील," परी म्हणाली, "ते खरंच मोठं होईल. पण नियम आहेत. तू स्वतःच्या हातानं करायचं, आणि जसं करशील तसंच ते येईल. चूक केलीस तर चुकीसकट! द्यायचं ते बाराच्या पहिल्या टोल्यापासून शेवटच्या टोल्यापर्यंत, हातातून हातात. आणि उर्पी, हे नीट ऐक. स्वतःसाठी काही करायचं नाही."

"आईसाठी?" उर्पीनं घाईनं विचारलं. तिच्या डोळ्यांपुढे एक घर उभं राहिलं होतं. दोन खिडक्यांचं.

परीचे पंख जरा मंदावले. "ज्यांची चूल एक, त्यांना एकमेकांना देता येत नाही, बाळ. तुझी आणि आईची चूल एक आहे."

उर्पीनं खाली पाहिलं. डोळे भरले, पण तिनं मान हलवली. "बरं. मग कुणाला देऊ?"

"एक, जिनं तुला दिलं तिला. एक, जिनं तुला दुखवलं तिला. आणि एक, जो कुणालाच आठवत नाही त्याला." एवढं म्हणून परी पुन्हा फुलात शिरली. टोपी तेवढी क्षणभर बाहेर राहिली होती, ती तिनं आत ओढून घेतली.

पहिलं नाव शोधावं लागलंच नाही. जिनं दिलं ती बासिलियाआजी. तिचा ओझी वाहणारा, चिडला की थुंकणारा केसाळ लामा गेल्या हिवाळ्यात म्हातारा होऊन वारला होता, आणि आता आजी बटाट्यांची पोती स्वतःच पाठीवर वाहायची. "मीच आता लामा झालेय," ती हसून म्हणायची. "फक्त थुंकायचं शिकायचं राहिलंय."

उर्पीनं लाल मातीचा लामा केला. लांब मान, चार पाय, गुबगुबीत पोट. पण डावा कान करताना शिंक आली आणि कान दुमडला. सरळ करायला गेली तर आणखीच दुमडला.

दुसरं नावही ठाऊक होतं, पण ते घ्यावंसं वाटत नव्हतं. नीएवेस. विहिरीवर रोज भेटायची आणि रोज टोचायची.

"काय गं उर्पी, बटाट्यांत झोपतेस म्हणे! कोंब फुटले का?"

सगळ्या मुली खिदळायच्या. उर्पीच्या कानांच्या पाळ्या लालबुंद व्हायच्या. 'हिला? हिला द्यायचं?' ती मनात म्हणायची.

पण एका गुरुवारी ती बस थांब्यावरून चालली होती, तेव्हा तिला नीएवेस दिसली. खाली दरीतल्या संत्र्यांच्या बागांकडून येणारी बस आली. माणसं उतरली. नीएवेस टाचा उंचावून प्रत्येकाचं तोंड पाहत होती. बस रिकामी झाली, तरी ती आत वाकून पाहत राहिली.

"कुणी यायचं होतं का?" उर्पीनं विचारलं.

"नाही!" नीएवेस फिस्कारली. मग नाक पुसून म्हणाली, "आई. ती दोन वर्षांपूर्वी संत्री तोडायला गेली. येईन म्हणाली होती. तुला काय करायचंय? तुझी आई आहे ना तुझ्याजवळ!"

त्या दिवशी उर्पीनं पिवळ्या मातीची बॅग केली. प्रवासाहून परत येणाऱ्या माणसाच्या हातात असते तशी, मूठ आणि कडी असलेली. करताना तिचा राग कुठे गेला तेच तिला कळलं नाही. कडी मात्र घाईत खालच्या बाजूला लागली.

राहिला हिरवा गोळा. जो कुणालाच आठवत नाही तो कोण?

उर्पीनं सगळ्या गावाला विचारलं. "आजी, गावात असं कोण आहे, जे कुणालाच आठवत नाही?"

"आठवत नाही तर मला तरी कसं आठवेल, वेडे?" आजी म्हणाली, आणि पोट धरून हसली.

दिवस सरत गेले. एका दुपारी उर्पी मातीशी चाळा करत बसली होती. बोटं आपोआप चालत होती. तिनं पाहिलं तर तळहातावर एक घर! हिरवं, चिमुकलं, दोन खिडक्यांचं. खिडकीतून आई गुणगुणत असल्यासारखं वाटत होतं.

'कुणाला आठवत नाही?' उर्पीच्या मनात आलं. 'आम्हीच तर! आमच्या पडलेल्या घराची कुणाला आठवण आहे?'

ती कितीतरी वेळ त्या घराकडे पाहत राहिली. मग तिनं डोळे घट्ट मिटले आणि मूठ वळली. उघडली तेव्हा तळहातावर नुसता गोळा होता.

आलासिताचा दिवस उजाडला. चौकात रंगच रंग! कागदी पताका, झगे, फिती, साखरेचा हलवा, भाजक्या मक्याचा खमंग वास. एकेकोबाबा दोन्ही हात पसरून हसत होता. उर्पीच्या एका मुठीत लामा आणि बॅग, दुसऱ्या मुठीत तो हिरवा गोळा, अजून कशाचाच न झालेला.

चर्चच्या मनोऱ्यावरून पहिला टोला पडला. टण्ण्ण!

लगेच सगळा चौक गजबजला. "घे, घे! हे तुला!" "आणि हे तुला, वर्षभर भरभराट होवो!" धुपाचे निळे लोट उठले, फादरांच्या हातून पाण्याचे थेंब उडाले.

उर्पी धावली. "बासिलियाआजी! हे तुला."

आजीनं लामा डोळ्यांजवळ नेला. "अगं, याचा कान?"

"शिंक आली होती."

"असू दे. एका कानानं ऐकेल, पण ऐकेल!" आजीनं तिला पोटाशी धरलं. ती उबेची मिठी सोडवून उर्पी पुन्हा धावली.

टण्ण्ण! दुसरा. टण्ण्ण! तिसरा.

नीएवेस पताकांखाली एकटीच उभी होती. उर्पीनं तिचा हात धरला आणि बॅग ठेवली. "तुझी आई येईल," एवढंच म्हणाली.

नीएवेसनं बॅगेकडे पाहिलं, उर्पीकडे पाहिलं. तिला टोचून काहीतरी बोलायचं होतं. पण तिनं नुसती मूठ घट्ट मिटली.

चौथा टोला पडला. आता हिरवा गोळा! कोण? कोण? उर्पी गर्रकन वळली. ज्याच्या त्याच्या हातात काहीतरी होतं. आंधळ्या भिकाऱ्यालासुद्धा कुणी तरी इवली भाकर दिली होती. विसरलेला असा चौकात एकही जण नव्हता.

टण्ण्ण! पाचवा टोला पडायला फार वेळ लागला. "एलोयचे बारा वाजेपर्यंत बटाटे उकडून होतात," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

उर्पीनं वर पाहिलं.

एलोय! सगळं गाव बाराच्या टोल्यावर देतं आणि घेतं. आणि ते टोले देतो कोण? म्हातारा एलोय. दर वर्षी, बरोबर त्याच वेळी, त्याचे दोन्ही हात दोरावर असतात. चाळीस वर्षांत त्याला आलासिताची एकही वस्तू मिळालेली नसणार. आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. टोला ऐकला की सगळे खाली बघतात, एकमेकांच्या हातांकडे.

उर्पी मनोऱ्याच्या जिन्याकडे सुसाट पळाली. दगडी पायऱ्या, अंधाऱ्या, गोल गोल. सहावा टोला डोक्यावर. सातवा छातीत. ती वर पोचली तेव्हा आठवा टोला पडत होता आणि मनोऱ्यातली कबुतरं भुर्रकन उडत होती.

एलोय जाड दोराला लोंबकळून धापा टाकत होता. बारीक, वाकलेला, पिंजलेल्या लोकरीसारखे केस.

"कोण ते? कुठे आग लागली?" त्यानं घाबरून विचारलं.

"आग नाही, तात! मी उर्पी, सातुर्निनाची. तुम्हांला आलासिताचं द्यायला आलेय. लवकर सांगा, तुम्हांला काय हवं?"

एलोयनं दोर ओढला. टण्ण्ण! नववा. त्या नादात त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मला?"

"हो, तुम्हांला!"

"मला काय हवं, हे कुणी विचारलंच नाही कधी," तो म्हणाला. "थांब हं. आठवू दे. दोन टोल्यांच्या मध्ये टेकायला काही नाही इथं. एक बाकडं असतं तर..." तो थांबला, आणि मग लाजत म्हणाला, "दोघं बसतील असं."

उर्पीची बोटं विजेसारखी चालली. एक फळी, एक पाय, दुसरा पाय. टण्ण्ण! दहावा. तिसरा पाय, चौथा. माती कमी पडली. चौथा पाय आखूड राहिला! टण्ण्ण! अकरावा.

"तात, हात पुढे करा!"

"कसा करू, पोरी? बारावा टोला राहिलाय. दोर एका हातानं ओढला जात नाही."

"तुमचा एक, माझा एक!" उर्पी म्हणाली, आणि तिनं आपला हात त्याच्या हाताशेजारी दोरावर घट्ट धरला.

एलोयचा दुसरा हात मोकळा झाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच या वेळी तो मोकळा झाला होता, आणि त्याला त्या हाताचं काय करावं ते कळेना. तो हात खिशात गेला. "माझ्याकडेही एक आहे," तो म्हणाला. "दर वर्षी करतो, चर्चच्या मेणबत्त्यांचं ओघळलेलं मेण गोळा करून. पण द्यायचं कुणाला? वर कुणी येतच नाही."

त्याच्या तळहातावर मेणाचं एक घर होतं. दुधासारखं पांढरं, चिमुकलं. आणि त्याला दोन खिडक्या होत्या.

"भिंतीत जरा अंगठा रुतलाय," तो ओशाळून म्हणाला. "चालेल का तुला?"

 उर्पीनं बाकडं त्याच्या हातात ठेवलं, आणि त्यानं घर तिच्या हातात. त्याच क्षणी दोघांनी मिळून दोर ओढला.

टण्ण्ण्ण्ण्ण!

असा टोला लारिपातात त्याआधी कधी घुमला नव्हता. बर्फाच्या शिखरांवर आपटून तो परत आला. खाली चौकात सगळ्यांनी पहिल्यांदाच माना वर केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बासिलियाआजीच्या अंगणात एक तांबूस लामा उभा होता, डावा कान दुमडलेला. आजी जवळ गेली तर तो तिच्या झग्यावर थुंकला. "हाच माझा!" आजी ओरडली.

गुरुवारच्या बसमधून नीएवेसची आई उतरली. तिच्या हातातल्या पिवळ्या बॅगेची कडी खालच्या बाजूला होती. कडी उघडली आणि सगळी संत्री रस्त्यावर घरंगळली. संत्री गोळा करता करता मायलेकी रडत होत्या आणि हसत होत्या. शेवटची दोन संत्री नीएवेसनं झग्याला पुसली आणि धावत जाऊन उर्पीच्या हातात दिली. "कोंबांचं जे बोलले, ते मनावर घेऊ नकोस," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

मनोऱ्यात एक हिरवं बाकडं आलं. एकटा माणूस बसला, की ते डुगडुगायचं. रोज उर्पी येऊन शेजारी बसली, की घट्ट.

पण पडक्या घराच्या जागी काहीच आलं नाही. रोज सकाळी उर्पी जाऊन पाही. चूल, चुलीमागचा कट्टा, त्यावर पाऊस. तरी तिनं मेणाचं घर फेकलं नाही. 'तातांनी दिलंय,' ती म्हणे, आणि पुन्हा शालीत गुंडाळून ठेवी.

मेणबत्त्यांच्या सणाची सकाळ झाली. दोन फेब्रुवारी. त्या दिवशी मारियामातेपुढे सगळं गाव मेणबत्त्या लावतं आणि वर्षभराच्या उजेडाबद्दल आभार मानतं. सातुर्निनानं गाठोडं बांधलं होतं. दुपारच्या बसनं ती जाणार होती. उर्पीनं आईचा हात धरला होता, इतका घट्ट, की बोटं पांढरी पडली होती.

इकडे मनोऱ्यात एलोय बाकड्यावर बसला होता, आणि बाकडं डुगडुगत होतं. 'उर्पी आज का आली नाही?' त्यानं खाली वाकून पाहिलं. त्याला ते गाठोडं दिसलं. ती पडकी चूल दिसली. आणि चाळीस वर्षांत जे त्यानं कधी केलं नव्हतं, ते केलं. त्यानं भलत्याच वेळी घंटा वाजवली.

टण टण टण टण!

सगळं गाव धावत आलं. "काय झालं? पूर आला? आग लागली?"

"डोळे उघडा!" एलोय वरून ओरडला. त्याचा आवाज एवढा मोठा आहे, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. "गारांना महिना झाला. आपल्या गावची एक लेक आणि तिची आई बटाट्यांत झोपताहेत. आज निघाल्या आहेत. आपल्याला हात नाहीत का?"

 मग बासिलियाआजीनं बाह्या वर केल्या. "माझ्या लामावर विटा येतील," ती म्हणाली. "मी त्याच्या चांगल्या कानात सांगते."

"आमच्याकडे वासे आहेत," नीएवेसची आई म्हणाली.

"मी चिखल तुडवते!" नीएवेसनं चपला भिरकावल्या.

मग काय विचारता! कुणी विटा आणल्या, कुणी दोर, कुणी डोंगरातलं पिवळंधमक इचू गवत. फादरांनी झगा खोचला. धूप फिरवणाऱ्या म्हाताऱ्यांनी आधी धरणीमायला फुलं वाहिली आणि मग तेही चिखलात उतरले. आणि जिथे जिथे हात कमी पडत होते, तिथे काहीतरी झगमगत होतं. ओली वीट लावताच खडखडीत वाळत होती. गवताची एक पेंढी उचलली की खाली दोन दिसत होत्या. सातुर्निना गाठोडं हातात धरून नुसती बघत होती. मग तिनं ते खाली ठेवलं आणि गवत विणायला बसली. विणता विणता ती गुणगुणायला लागली.

बस आली, तिनं भोंगा वाजवला, आणि ती निघून गेली. कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही.

सूर्य मावळायच्या आत घर शाकारून झालं. दोन खिडक्यांचं! आणि चुलीशेजारच्या भिंतीत एक गोल खळगा होता, गुळगुळीत, अंगठा दाबल्यासारखा.

"हा कुणी केला?" सगळे एकमेकांना विचारू लागले. कुणीच केला नव्हता.

एलोयनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तो हात हळूच पाठीमागे लपवला. उर्पीनं तो हात ओढून बाहेर काढला आणि त्याचा पापा घेतला.

"भिंतीत इतका सुंदर कोनाडा साऱ्या लारिपातात नाही," ती म्हणाली. तिनं त्या कोनाड्यात नाकाचा टवका उडालेला बाळ येशू ठेवला आणि त्याच्यापुढे एक मेणबत्ती लावली.

मेणबत्तीची ज्योत थरथरली. किणकिण किणकिण! ज्योतीच्या टोकावर कांतुतापरी उभी होती. सातही झगे उजेडानं भरलेले, टोपी वाकडीच.

"परीताई!" उर्पी कुजबुजली. "तुझे कसे आभार मानू?"

"मी तीन बोरांएवढी माती दिली गं. त्याच्यात एवढं मोठं घर कुठून मावणार?" परी हसली. "आज घराचा पहिला दिवस. दार उघडं ठेव. बघ, कोण कोण येतंय."

उर्पीनं दाराकडे पाहिलं. चिखलानं माखलेलं सगळं गाव हातात मेणबत्त्या घेऊन उंबऱ्याबाहेर उभं होतं. सर्वांत पुढे एलोय होता. ते हिरवं बाकडं तो मनोऱ्यावरून इथवर खांद्यावर वाहून घेऊन आला होता. "नव्या घरी रिकाम्या हातानं येऊ नये म्हणतात," तो म्हणाला. "पण हे परत न्यायचंय हं मला. आज फक्त बसायला आणलंय."

उर्पी वळली. परीचे पंख एवढ्या वेगानं हलू लागले होते, की ती आता नुसता उजेड झाली होती. लाल, पिवळा, हिरवा. तो उजेड एकदा साऱ्या घरभर फिरला, दोन्ही खिडक्यांतून डोकावला, आणि बाहेर पडून बर्फाच्या शिखरांत मिसळून गेला.

मग उर्पी आणि एलोय बाकड्यावर शेजारी शेजारी बसले. बाकडं जराही डुगडुगलं नाही.